बिडाची बांगडी

आईला फोनवर म्हटलं, "उद्या बिडाला जाणार आहोत." पलीकडे क्षणभर विचार झाला आणि उत्तर आलं, "मग एखादा तवा आण. पुण्यात हल्ली चांगला बिडाचा तवा मिळत नाही."

तिला समजावून सांगेपर्यंत फोनचे बरेच पैसे गेले. बिडा हे गाव आहे. नायजेरियाच्या साधारण मध्यावर, नायजर आणि कादुना या दोन नद्यांच्या बेचक्यात, नुपे लोकांच्या मुलखात. तिथे पितळेचं काम करणारे कारागीर आहेत, लोहार आहेत, काचेचे मणी करणारे आहेत, घरात बसून विणणाऱ्या बायका आहेत. ते सगळं बघायला जायचंय. "मग तवा करणारं कोणीच नाही का?" आईनं विचारलं. निवृत्त मुख्याध्यापिका आहे, मुद्दा सोडत नाही.

ही २०१३च्या जानेवारीतली गोष्ट. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही अबुजात राहत होतो. अबुजा म्हणजे पट्टी लावून आखलेलं शहर. १९९१मध्ये राजधानी लागोसहून इथे आणली, तेव्हापासून इमारती उभ्या राहताहेत आणि रस्ते रुंद होताहेत. राहायला सोयीचं, पण मी कसबा पेठेत वाढलेली. ज्या गावात पन्नास वर्षांची एकही भिंत नाही, तिथे मला सर्दी झाल्यासारखं होतं. कशाला वासच नसतो. एका हॉटेलच्या भिंतीवर हातभर व्यासाचं नक्षीचं पितळी तबक टांगलेलं होतं. कुठलं म्हणून विचारलं तर वेटर म्हणाला, "बिडा वर्क, मॅडम." हे तबक त्या शहरात मला ओळखीचं वाटलेलं पहिलंच.

आमचा ड्रायव्हर नुपे निघाला, ही तर चालून आलेली संधी. त्याला आम्ही मल्लम म्हणायचो. मल्लम म्हणजे मूळचं मास्तर, गुरुजी. उत्तरेकडे कुठल्याही भल्या माणसाला आदरानं तसं म्हणतात. तो नवऱ्याला "ओगा" म्हणे, म्हणजे साहेब, आणि मला "मॅडम". बिडाला जायचं म्हटल्यावर त्यानं गाडी दोनदा धुतली.

पहाटे साडेपाचला निघालो. हरमत्तानचे दिवस होते. सहाराकडून येणारा हा वारा डिसेंबर-जानेवारीत सगळा मुलूख बारीक धुळीत बुडवतो. ओठ फुटतात, टाचा फुटतात, सूर्य ताकासारखा पांढुरका दिसतो. झुमा नावाचा अगडबंब कातळ रस्त्यावरून नेहमी स्पष्ट दिसतो. त्या दिवशी नुसती एक सावली उभी होती. मी पर्समधून शंभर नायराची नोट काढून मागच्या बाजूचा झुमा बघितला आणि समाधान मानलं. पुढे सुलेजा. या गावाचं जुनं नाव अबुजा. नव्या राजधानीला ते देऊन टाकलं आणि स्वतः दुसरं घेतलं. ब्रिटिश कुंभार मायकेल कार्ड्यू यानं १९५०च्या दशकात इथे कुंभारकामाचं केंद्र काढलं होतं. तिथे काम केलेल्या लादी क्वाली या ग्वारी कुंभारणीचं चित्र वीस नायराच्या नोटेवर मागे आहे. चाकाविना, हातानं घट वळवणारी बाई नोटेवर. मला हा देश कितीही वैताग देवो, या एका नोटेसाठी मी त्याला बरंच माफ करते.

सुलेजा, लांबाटा, लापाई, अगाये, बिडा. नावं म्हणायला छान, रस्ता मात्र असा की मल्लम स्टिअरिंग धरत नव्हता, त्याच्याशी झुंजत होता. पेट्रोलच्या टँकरांनी डांबर उखडून टाकलेलं. कित्येक ठिकाणी खड्ड्यापेक्षा शेजारचं शेत बरं म्हणून गाड्या शेतातून जात होत्या. बिडा नायजेरियातल्या नायजर नावाच्या राज्यात. या राज्याच्या गाड्यांच्या पाट्यांवर 'पॉवर स्टेट' असं लिहिलेलं असतं, कारण कैंजी, जेब्बा आणि शिरोरो ही मोठी जलविद्युत धरणं याच राज्यात. आम्ही गेलो त्या प्रत्येक गावात जनरेटरांची घरघर चालू होती.

बिडा जवळ आलं तशी रस्त्याकडेला कडुनिंबाची झाडं दाट झाली. हा आपलाच. गेल्या शतकात भारतातून पश्चिम आफ्रिकेत नेला आणि सगळ्या उत्तर नायजेरियाभर लावला. हौसा भाषेत त्याला दोगोन्यारो म्हणतात, म्हणजे उंच पोरगा. मला पाडवा आठवला आणि जिभेवर उगाच कडू चव आली.

गावाचा थोडा इतिहास सांगायला हवा. नुपे राजाला 'एत्सू' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात फुलानी धर्मयुद्धानंतर जे घराणं इथे सत्तेवर आलं, त्याच्या तीन पात्या झाल्या आणि गादी त्या तिघांत आळीपाळीनं फिरते. १८९७मध्ये रॉयल नायजर या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या तोफांनी बिडा पडलं. तरी एत्सू राहिला, दरबार राहिला, आणि दरबाराला तबकं, सुरया, मणी, वस्त्रं पुरवणाऱ्या आळ्याही राहिल्या. त्या आळ्यांसाठी आम्ही आलो होतो.

पहिली काचेची. या कारागिरांना मसागा म्हणतात, आळीलाही तेच नाव. आपले पूर्वज पूर्वेकडून, थेट इजिप्तहून आले असं ते सांगतात. मातीच्या एका गोल झोपडीत वाकून शिरलो. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला, उष्णता मात्र लगेच कळली. मधोमध मातीची ठेंगणी भट्टी, तिला भोकं, आणि भोवती पाय पसरून बसलेली चारपाच माणसं. एक पोरगा भात्यावर. चामड्यानं मढवलेल्या दोन भात्यांवर दोन काठ्या, डावी-उजवी, डावी-उजवी, अशा चालीत की ढोलकी ऐकल्यासारखं वाटावं. मधूनच एकजण काही गुणगुणायचा, बाकीचे शेवटचा शब्द उचलायचे. हात थांबत नव्हते.

एका कोपऱ्यात फुटक्या बाटल्यांचा ढीग होता. मी त्याकडे बघितलं आणि बघितलं नाहीसं केलं. मला वाळूपासून काच होताना बघायची होती ना. मल्लमनं विचारलं, तेव्हा म्हातारबाबा हसले. पूर्वी वाळू आणि सोडाखार वितळवून इथेच काळी काच करत. तिचं नाव 'बिकिनी'. (हसू नका. मीही हसले नाही. नवरा हसला.) ती करायला लाकूड फार, वेळ फार. बाटली मिळायला लागल्यावर कोण करतो? हे काही आजचं नव्हे. १९३०च्या दशकात नाडेल नावाचा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ नुपे लोकांत राहून गेला, तेव्हाही इथे बाटल्या वितळत होत्या.

म्हणजे मी ज्या 'अस्सल' गोष्टीसाठी एवढे खड्डे खाल्ले, ती माझ्या आईच्या जन्माआधीपासूनच भंगारावर चालली होती.

पण बाटलीचं पुढे काय होतं ते बघाच. लोखंडी गजाच्या टोकाला काच तापून मऊ होते, मधाच्या थेंबासारखी लोंबायला लागते. मणी करायचा तर दुसऱ्या रंगाच्या काचेची तार तिच्यावर गुंडाळायची, गज मांडीवर फिरवत राहायचा, आणि टोकदार सळईनं त्या रेघा ओढून लाटा काढायच्या. संक्रांतीच्या रांगोळीत आपण काडीनं रेघा ओढतो तसंच, फक्त इथे रांगोळी पेटलेली. एक मणी व्हायला मिनिटभर लागत असेल. रंग? हिरवा हवा तर बियरची बाटली. तपकिरी हवा तर तीच, दुसऱ्या कंपनीची. निळ्यासाठी औषधाच्या जुन्या बाटल्या, दुधी पांढऱ्यासाठी क्रीमच्या बरण्या. नायजर राज्यात २०००पासून शरिया कायदा आहे, मसागा पाच वेळा नमाज पढणारे. त्यांच्या अंगणात बियरच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग, आणि तो घेऊन येणाऱ्या भंगारवाल्याचं हसतमुख स्वागत. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. रिकामी बाटली म्हणजे काच. तिच्या पूर्वायुष्याची चौकशी कशाला?

मग म्हातारबाबांनी बांगडी करून दाखवली. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या मला माहीत आहेत. तिथे काचेची तार स्प्रिंगसारखी गुंडाळतात, ती कापतात, आणि प्रत्येक कड्याची दोन टोकं ज्योतीवर धरून जोडतात. म्हणून आपल्या बांगडीला सांधा असतो, आणि ती बहुतेकदा सांध्यालाच वाढते. (बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, या वाक्यात माझ्या आजीची शिस्त आहे.) इथे तसं काही नव्हतं. गजावरच्या काचेच्या गोळ्याला सळईनं भोक पाडलं, सळई आत घातली, आणि ते भोक गरगर फिरवत, आगीत नेत, परत काढत, मोठं मोठं करत नेलं. मेदूवड्याला असतं तेवढं भोक बघता बघता मनगटाएवढं झालं. कुठे टोक नाही, सुरुवात नाही, सांधा नाही.

मला माझ्यासाठी एक हवी होती. रंग कोणता? हिरवा, मी विचार न करता बोलून गेले. बाबांनी माझ्या हाताकडे नुसतं बघितलं आणि कामाला लागले. बांगडी निवल्यावर घातली तर अंगठ्याच्या हाडापाशी अडली. लग्नात माझं माप दोन-चार होतं, आता दोन-सहा झालंय, हे मल्लमला इंग्रजीत आणि त्यानं बाबांना नुपेत सांगणं अवघड. कासार असता तर हात हातात घेऊन दाबत, बोलण्यात गुंतवत, 'झालं बघा ताई' म्हणत चढवली असती. इथे परक्या पुरुषानं हात धरायचा प्रश्नच नव्हता. झोपडीभर हशा पिकला, त्यात भात्यावरचा पोरगा सगळ्यांत पुढे. बाबांनी दुसरी करायला घेतली, जरा मोठी.

"आणि ही लहान?" मल्लमनं विचारलं.

"ती पण घेते," मी म्हटलं. दोन-चार हे आईचं माप.

बाबा, म्हणजे माझे वडील, २००९ साली गेले. तेव्हापासून आईच्या हातात एक सोन्याची पाटली आहे, काच नाही. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोणी सांगितलं असतं तर तिनं मुद्दाम घातल्या असत्या, असा तिचा स्वभाव. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "आवाज होतो गं सारखा." तीस वर्षं फळ्यावर लिहिताना झाला नव्हता तो आवाज. मी पुढे काही बोलले नाही. आता बिडात उभी राहून हिरवी काच घेत होते आणि मनाशी म्हणत होते, ही काय बांगडी आहे? नायजेरियाची आठवण आहे, शोकेसमध्ये राहील.

"इथे अशा बांगड्या कोण घालतं?" मी मल्लमला विचारलं. त्यानं प्रश्न बाबांना विचारलाही नाही. "ज्याला आवडतं ती," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं, की ही बाई एवढी शिकलेली असून काय विचारते.

मोठी बांगडी बराच वेळ राखेत ठेवावी लागणार होती. काच घाईनं थंड झाली तर तडकते. संध्याकाळी या म्हणाले.

पितळेच्या आळीत जाताना रस्ता विचारावा लागला नाही. ठक-ठक-ठक, मग थोडं थांबून दोन हलके ठोके. माझी सगळी बालपणीची दुपारची झोप तांबट आळीतल्या या आवाजानं मोडलेली. मठारकामाचे ते ठोके इतके पाठ होते की कारागीर चहाला उठला तरी कळायचं. घरापासून दहा मिनिटांवर होती तांबट आळी. आत जाऊन कधी बघितलं? नाही. बंब कल्हईला द्यायला जायचे तेवढंच.

इथे मात्र मी पुरा दीड तास बसले. पत्रा लाकडी ठोकळ्यावर धरून उलट्या बाजूनं ठोकत नक्षी वर आणायची, मग सुलट्या बाजूनं छिन्नीनं रेघा. आधी कंपासनं वर्तुळं आखून घेतात, त्यांच्यात गुंफण, चौकडी, पाकळ्या. माणूस नाही, प्राणी क्वचित. मोठी तबकं, लांब चोचीच्या सुरया, वजूसाठी पाण्याची भांडी. पितळ महागलंय म्हणून बरंच काम आता अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात. पितळ येतं कुठून? जुने नळ, मोटारींचे रेडिएटर. परत भंगार.

मी दोन तबकं हातात घेऊन तुलना करत होते. एक लखलखीत, एक काळपट, कडांना हिरवट झाक आलेलं. काळपट तबक माझ्या हातून सुटेना. कारागीर मल्लमला काहीतरी म्हणाला. मल्लम संकोचला. मग म्हणाला, "मॅडम, तो म्हणतो दोन्ही गेल्याच आठवड्यात केलीत. परदेशी लोकांना जुनं आवडतं, म्हणून एकाला धूर देऊन काळं केलंय. तुम्हाला हवं तर चकचकीतलाही देतो. त्याचे पैसे वेगळे."

मी चकचकीत घेतलं. नवरा घरी येईपर्यंत या विषयावर गप्प राहिला, हे त्याचे उपकार.

इथले धातूचे कारागीर आपली परंपरा त्सोएदेपर्यंत नेतात. नुपे राज्याचा हा मूळ पुरुष. इगाला राजाचा नुपे बाईपासून झालेला मुलगा, भावांच्या मत्सरातून सुटून नदीवरून कांस्याच्या नावेतून आला, बरोबर लोहार आणि ओतारी घेऊन आला, अशी कथा. नायजरकाठच्या तादा आणि जेब्बा इथे त्सोएदेनं आणलेल्या म्हणून काही धातूच्या मूर्ती सांभाळल्या गेल्या. तादाची बसलेल्या माणसाची मूर्ती जवळजवळ शुद्ध तांब्याची, सुमारे सातशे वर्षांची, आणि इतकी जिवंत की फोटोतही तिच्याशी बोलावंसं वाटतं. आता ती लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण तिथे जाण्याआधी तादाचे लोक दर शुक्रवारी तिला नदीवर नेऊन वाळूनं घासत. बायकांना मुलं व्हावीत, नदीत मासे व्हावेत म्हणून. घासून घासून तिचे बारकावे गेले, हातपायांची टोकं झिजली. कलेचे जाणकार यावर हळहळतात. मी सणाच्या आदल्या दिवशी चिंच लावून देव घासलेत. आमच्या अन्नपूर्णेला आता नाक उरलेलं नाही आणि आईला त्याचं काडीचं दुःख नाही.

ओतकामाची शेड मात्र पितळी आळीपेक्षा कितीतरी जास्त गजबजलेली. मोटारींच्या इंजिनांचे तुकडे वितळवून मातीच्या साच्यांत अ‍ॅल्युमिनियमची भांडी ओतत होते. पोटाळ पातेली, झाकणं, कढया. नक्षी नाही, फोटो काढणारे नाहीत, गिऱ्हाईक मात्र रांगेनं. आणि तिथे, खाली, एकावर एक रचलेली अप्पेपात्रं! सात खळग्यांची, जाडजूड. मी ओरडलेच. मल्लमला वाटलं काहीतरी चावलं. उत्तर नायजेरियात मासा नावाचा तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचा पदार्थ करतात, गोल, टम्म, बाहेरून खरपूस. हे त्याचं पात्र. आईचा तवा सापडला. बीड नव्हे, पण ओतीव तर होतं.

दुपारी मल्लमनं त्याच्या मावशीकडे नेलं. नुपे घराला आधी कटांबा लागतो. आपल्या वाड्याची देवडीच ती. पुरुष पाहुणे तिथेच थांबतात. ओगा तिथे बसले, मी आत गेले. शिकवलेलं "ओकूबे" म्हटलं, जरा वाकून. मावशींना इतकं आवडलं की त्यांनी मला ते तीनदा म्हणायला लावलं.

भिंतीला टेकवलेला उभा माग. पुरुषांचा माग वेगळा, त्यावर वितभर रुंदीच्या लांबच लांब पट्ट्या निघतात, त्या जोडून कापड होतं. बायकांचा माग उभा आणि रुंद. मावशी खाली बसून विणत होत्या, ताण्यात काडीनं धागे उचलत, मधूनच चकचकीत रेयॉनचा जादा बाणा घालत. नक्षीचा कुठे कागद नाही. एका आकृतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अल्लो", म्हणजे मदरशातली लाकडी पाटी. मुलं ज्यावर कुराणाच्या ओळी गिरवतात ती. मी म्हटलं, आमच्याकडेही पाटीपूजन असतं. हे त्यांच्या नातीनं भाषांतर केलं. नात गावातल्याच सरकारी पॉलिटेक्निकमध्ये शिकत होती.

"तुला येतं का विणायला?" मी तिला विचारलं. हा प्रश्न मी विचारणार हे मला सकाळपासून माहीत होतं, आणि विचारल्याबरोबर स्वतःची लाज वाटली.

"येतं," ती म्हणाली. "पण हे दोन आठवडे करायचं आणि मग शेजारचीला उधारीवर द्यायचं. तुम्हाला येतं का?"

मला साधी टोपीसुद्धा विणता येत नाही. मावशींना भाषांतराशिवाय कळलं आणि त्या मांडीवर थाप मारून हसल्या. कापडाचा भाव मी केला नाही. मल्लमला ते आवडलं नाही. भाव न करणं म्हणजे त्याच्या लेखी बोलणं अर्धवट सोडून उठणं.

बाजारात मात्र कसर भरून काढली. ज्वारीच्या राशी, लाल आणि पांढऱ्या. मोजायला पायलीसारखं भांडं, त्याला मुडू म्हणतात, आणि वर शीग लावून देतात, दाणे घरंगळेपर्यंत. नदीतले धुरावलेले मासे शेपूट तोंडात देऊन गोल वळवलेले. भोपळ्याची कोरीव भांडी. शी नावाच्या झाडाच्या बियांचं पिवळट लोणी, फुटलेल्या टाचांवर रामबाण. गोरखचिंचेच्या पानांची हिरवी भुकटी. आणि लालबुंद सुकलेली फुलं: अंबाडी! इथे तिचा झोबो करतात, आलं-लवंग घालून, थंड. आपण पाला खातो, ते फुलं पितात. शेजारी शेवग्याचा पाला वाफवलेला, त्यात कुलीकुली चुरून मिसळत होते. कुलीकुली म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून उरलेल्या पेंडीच्या तळलेल्या कडक कांड्या, त्यातही नुपे बायकांचा हात नामांकित. आपल्याकडे पेंड म्हशीला घालतात, ही आपली चूक आहे. मी एक पिशवी घेतली आणि अबुजात शिरेपर्यंत संपवली.

परत मसागांकडे गेलो तेव्हा साडेचार वाजले होते. भट्टी निवत आली होती. बाबांनी राखेतून बांगडी काढली, आपल्याच झग्याला पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. अजून कोमट होती. घातली. बसली.

अंधाराआधी पोचायचं म्हणून मल्लमनं गाडी पळवली. तेव्हा भीती एवढीच, की खड्डे दिसणार नाहीत. त्याच नायजर राज्यातल्या कागारा आणि तेगिना इथून २०२१मध्ये शाळकरी मुलांना पळवून नेलं गेलं. ती गावं बिडापासून लांब, पण बातम्या वाचताना मला भात्यावर हसणारा तो पोरगा आठवत राहतो. आता तो पंचविशीचा असेल.

जूनमध्ये पुण्याला आले. अप्पेपात्र कस्टममधून कसं आलं ही वेगळी कहाणी. आईनं ते आधी उलटं केलं, तळ ठोकून बघितला, आवाज ऐकला आणि "जड आहे, चांगलं आहे" असा निकाल दिला. संध्याकाळी पीठ भिजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकीच्या वस्तू काढल्या. हिरवी बांगडी कागदात गुंडाळलेली होती. मी म्हटलं, "ही शोकेसमध्ये ठेव."

आईनं चष्मा लावला. खिडकीपाशी जाऊन बांगडी उजेडात धरली आणि हळूहळू फिरवली. पूर्ण एक फेरी. मग परत एक. नखानं चाचपून बघितली.

"सांधा कुठाय?"

"नाहीये."

"असं कसं असेल?" म्हणाली, आणि मी गजाचं, भोकाचं, गरगर फिरवण्याचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिनं अंगठा तळव्यात दुमडला. जरासं माप बघावं तसं. बांगडी हाडापाशी थबकली आणि सरकली.

"काच कुठली म्हणालीस?"

"बियरच्या बाटलीची."

आई इतकी हसली की चष्मा काढावा लागला. "तुझ्या बाबांना सांगायला हवं होतं," म्हणाली. मग बांगडी काढायला गेली. निघेना. मी म्हटलं, साबण आणू का.

"राहू दे आत्ता. ते पात्र ठेव गॅसवर, पीठ केव्हाचं फुगून वर आलंय."